मालवणात पाण्याखालचे फोटो हिरवे का येतात? (आणि त्या बिस्किटांबद्दल)

ऋजुता_पुणे (१२ नोव्हेंबर)
नमस्कार मंडळी, वाचनमात्र बरीच वर्षं आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. दोन वर्षांपूर्वी अंदमानात हॅवलॉकला ओपन वॉटर कोर्स (स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स) केला आणि तेव्हापासून समुद्राने जे डोकं धरलंय ते धरलंयच. यंदा एक जुना ऑलिंपस टीजी-६ कॅमेरा आणि त्याचं हाऊसिंग (पाणी आत न जाऊ देणारी पेटी) घेतलं आणि दिवाळीत मालवणला गेले. अंदमानात साध्या ॲक्शन कॅमेऱ्यानेही निळे निळे फोटो आले होते, इथे मात्र सगळे फोटो पालकाच्या पातळ भाजीसारखे. प्रवाळ हिरवं, मासे हिरवे, माझा नवरा हिरवा. कॅमेऱ्यात काय सेटिंग करायचं? की कॅमेराच बदलायचा?

दुसरी गोष्ट म्हणजे आमच्यासोबतच्या गाईडने खाली गेल्यावर बाटलीतून बिस्किटाचा चुरा सोडला आणि क्षणात शंभरेक पट्टेवाले मासे तोंडावर आले. सगळ्यांचे फोटो झकास आले, माझेही आले, पण घरी येऊन बघताना मला ते फोटो आवडेनात. हे चालतं का? नसेल चालत तर पर्यटकाने तिथे नेमकं काय म्हणायचं? जाणकारांनी सांगा.

गणपुले_डोंबिवली
लाल फिल्टर लावा, पन्नास टक्के प्रश्न सुटेल.

खडपावरचा
गणपुले, अंदमानात हो, मालवणात नाही. जरा सविस्तर लिहितो, दहा वर्षं याच पाण्यात शिकवतोय.

पाणी उजेडातला लाल रंग सगळ्यात आधी खातं. पाचेक मीटरवर लाल जवळपास संपतो, दहाच्या आसपास नारिंगी, वीसपर्यंत पिवळाही फिका पडतो. नितळ पाण्यात मग निळा उरतो. आपल्या किनाऱ्याचं पाणी नुसतं पाणी नाही, त्यात वनस्पती-प्लवक आहे, कर्ली नदीने देवबागच्या मुखाशी आणून सोडलेला गाळ आहे, आणि ही मंडळी निळा रंगसुद्धा खातात. म्हणून शेवटी हिरवा उरतो. म्हणजे ताई तुमचा कॅमेरा खोटं बोलत नाहीये, पाणी खरंच हिरवं आहे. आणि ते हिरवं आहे म्हणूनच आपल्याकडे बांगडा आहे, पेडवे आहेत, एवढी मासळी आहे. लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी असतो, हिरव्या पाण्याला मॅजेंटा लागतो, पण फिल्टरने उजेड आणखी कमी होतो आणि इथे मुळात उजेडाची मारामार.

करायचं काय, तर एक, रॉ मध्ये (रंग नंतर नीट करता येतात अशी कच्ची फाइल) काढा, टीजी-६ मध्ये सोय आहे. दोन, प्रत्येक खोलीवर व्हाइट बॅलन्स हाताने सेट करा, म्हणजे पांढरं काय ते कॅमेऱ्याला दाखवा, पांढरी स्लेट नसेल तर पांढरी फिन (पायातलं पोहायचं वल्हं) चालते. तीन, सगळ्यात महत्त्वाचं, जवळ जा. वाटतंय त्याच्यापेक्षा जवळ. पाण्याखाली मुखवट्यातून वस्तू साधारण पाव अंतराने जवळ आणि तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते, त्यामुळे आपल्याला वाटतं मासा हातभरावर आहे, पण कॅमेरा आणि मासा यांच्यामध्ये सव्वा-दीड हात हिरवं पाणी असतं. ते पाणी कमी केलं की रंग परत येतात.

बिस्किटांचं वेगळं लिहीन, तो दुखरा विषय आहे.

निवांत
माझ्या फोटोंत साबुदाणा सांडल्यासारखे पांढरे ठिपके येतात, त्याचं काय? फ्लॅश लावला की जास्तच.

खडपावरचा
निवांत, साबुदाणा हा शब्द मी आता वर्गात वापरणार. तो म्हणजे पाण्यातले कण, कॅमेऱ्याच्या फ्लॅशने समोरून उजळतात. रात्री धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यावर जसं पांढरं होतं तसंच. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंद करा आणि स्ट्रोब (पाण्याखालचा वेगळा फ्लॅश) किंवा टॉर्च दांड्यावर बाजूला न्या, तोंड थोडं बाहेरच्या दिशेला. उजेडाची कड विषयावर पडली पाहिजे, मधल्या पाण्यावर नाही. आणि वाळूवर फिन मारू नका, निम्मा साबुदाणा आपणच उडवलेला असतो.

विंदा_ठाणे
हाऊसिंग वापरणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते. गेल्या वर्षी नेत्राणीला, मुरुडेश्वरहून बोटीने जातो ते, दुसऱ्या डाइव्हला आठ मीटरवर हाऊसिंगच्या तळाशी पाण्याची एक बारीक रेघ दिसली. वर येईपर्यंत कॅमेरा गेला. घरी भिंगाखाली ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबराची कडी, बघितली तर तिच्यावर एक केस आडवा होता. एक केस! माझाच, लांब. चौतीस हजार रुपये आणि सहा महिन्यांचे सगळे फोटो गेले, कारण कार्ड उतरवून घेतलं नव्हतं.

तेव्हापासून आदल्या रात्री खोलीत पंखा बंद करून ओ-रिंग काढते, बोटाने फिरवून बघते, सिलिकॉन ग्रीस फक्त चमक येईल एवढंच, जास्त लावलं तर वाळू चिकटते. रिकामं हाऊसिंग आधी बादलीत बुडवून बघायचं, बुडबुडे आले तर तिथेच थांबायचं. आणि समुद्रातून वर आल्यावर गोड्या पाण्यात अर्धा तास, बटणं दाबत दाबत. मीठ वाळलं की बटणं अडकतात.

गणपुले_डोंबिवली
विंदाताई, वाचूनच पोटात गोळा आला. मॅजेंटाची माहिती नव्हती खडपावरचा, धन्यवाद.

शैवाल
बिस्किटांवर लिहिते, समुद्रजीवशास्त्रात एमएस्सी करतेय.

ते पट्टेवाले मासे म्हणजे सार्जंट मासे. पिवळसर पाठ, पाच काळे पट्टे. आता एक करा, पुढच्या वेळी खडकाच्या उभ्या बाजूला, सावलीत, हातभर जागेत जांभळट लालसर मखमल पसरल्यासारखा डाग दिसतो का बघा. ती या माशांची अंडी. आणि तिथून हलायलाच तयार नसलेला, इतरांपेक्षा गडद, निळसर पडलेला एक मासा दिसेल. तो नर. अंडी घालून मादी जाते, राखण तो करतो, पंखांनी वारा घातल्यासारखं पाणी हलवत राहतो, मेलेली अंडी तोंडाने उचलून टाकतो, जवळ आलेल्या प्रत्येकाच्या अंगावर जातो, तुमच्यासुद्धा.

मी हा प्रकार तीन डाइव्ह एकाच खडकाशी बसून बघितलाय. तिसऱ्या वेळी बाजूच्या ग्रुपने चुरा सोडला. आमचा नर आधी गेला नाही, मग गेला, चार सेकंद असेल फार तर. तेवढ्यात तीन-चार रॅस मासे त्या अंड्यांवर तुटून पडले. तो परत आला तेव्हा डागाच्या कडेला खडक दिसत होता.

बिस्किटात मैदा, साखर आणि पाम तेल असतं, माशाच्या पोटाला त्याचा उपयोग नाही ही गोष्ट आहेच. पण मला जास्त लागलं ते हे.

ऋजुता_पुणे
शैवाल, अंगावर काटा आला. मी तो जांभळा डाग बघितलाय गं! माझ्या फोटोत मागे आहे. मला वाटलं शेवाळ.

देवबागकर
नमस्कार. मी वाचत होतो, बोलायचं नव्हतं, पण आता बोलतो. बारा वर्षं गाईड आहे, त्याच्या आधी वडिलांबरोबर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायचो.

शैवाल म्हणते ते खरं आहे, मीही बघितलंय. पण बिस्किट कोणी सुरू केलं ते पण बघा. पर्यटक बोटीत बसल्या बसल्या विचारतो, मासे दिसणार ना? व्हिडिओ देणार ना? वर आला आणि व्हिडिओत मासे नसतील तर पैसे द्यायला कुरकुर, जाऊन रिव्ह्यूला एक तारा. आमचा धंदा ऑक्टोबर ते मे, पुढे पावसाळ्यात समुद्र बंद. मालकाला सांगितलं की बिस्किट नको, तर तो म्हणतो शेजारचा टाकतो, आपण नाही टाकलं तर गिऱ्हाईक तिकडे जाईल. तुमका फोटो होयो, आमका पोटाक होया, आणि मधल्यामधी मासो बिचारो.

आणि एक. १९८७ ला मालवणचं सागरी अभयारण्य झालं, २९ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आणि पद्मगडाच्या आजूबाजूचा भाग गाभ्यात. आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांच्या मनात आजही आहे की कोणी विचारलं नाही. त्यामुळे पुण्यामुंबईचं कोणी येऊन संवर्धन म्हटलं की इथला माणूस आधी दोन पावलं मागे जातो. तेवढं समजून घ्या.

खडपावरचा
देवबागकर, पूर्ण सहमत, आणि बरं झालं बोललात. मीही पहिली दोन वर्षं चुरा टाकलाय. तेव्हा सगळेच टाकायचे आणि मासे भोवती जमले की लोकांच्या चेहऱ्यावर जो आनंद यायचा तो बघून आपण काही वाईट करतोय असं वाटायचंच नाही. बंद केला तो एका मुलीमुळे, दहा-अकरा वर्षांची, तिने वर येऊन विचारलं की काका, आपण नसतो तेव्हा हे काय खातात?

मालतीनंदन
एक वेगळा प्रश्न, रागावू नका. दिवसभर मासे बघून हळहळायचं आणि संध्याकाळी सुरमई थाळी. हे कसं जमवता?

देवबागकर
मालतीनंदन, आम्ही मासे खाणारेच, आणि मासेमारी बंद करा असं इथे कोणी म्हणत नाही. प्रश्न कसली आणि किती याचा आहे. रापणीत येईल ते आणि एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करून रात्री ओढतात ते यात फरक आहे. खावा, पण बोटभर पापलेट बाजारात दिसला तर घेऊ नका, त्याने अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत. शेवंडीच्या (लॉबस्टरच्या) पोटाखाली अंडी दिसली तर माझे वडील ती परत पाण्यात सोडायचे, पुस्तक न वाचता.

अनघा_सिडनी
इथला अनुभव देते, तुलना म्हणून नाही, शक्य आहे हे दिसावं म्हणून. सिडनीत मॅनलीजवळ कॅबेज ट्री बे नावाची छोटी खाडी आहे. २००२ पासून तिथे मासेमारी पूर्ण बंद, शिंपलासुद्धा उचलायचा नाही. भर शहरात, बस मिळते, शेजारी कॉफीची दुकानं. मी दर शनिवारी सकाळी मुखवटा आणि नळी घेऊन जाते. तिथले ब्लू ग्रोपर मासे माणसाला भीत नाहीत, एखादा तर मी थांबले की थांबतो आणि डोळा फिरवून बघतो, एक डोळा माझ्यावर आणि एक खडकावरच्या कालवावर. हे मासे लहानपणी तपकिरी, मादी असतात आणि त्यातल्या काही पुढे नर होऊन निळ्या होतात, त्यामुळे त्या भागातला एक मोठा निळा नर मारला तर नुसता एक मासा कमी होत नाही, सगळी घडी विस्कटते.

तिथे कोणी बिस्किटं टाकत नाही. मासे येतात कारण त्यांना कोणी त्रास देत नाही हे त्यांना इतक्या वर्षांत कळलंय.

निवांत
एक डोळा माझ्यावर आणि एक कालवावर, हे आमच्या बोक्याचं वर्णन आहे. फक्त कालवाऐवजी बोंबील.

समिधा
मी पोहू शकत नाही, डाइव्हिंग तर लांबच, पण हा धागा सोडवत नाहीये. मुंबईकर असाल तर एक सांगते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची ओहोटी असते तेव्हा हाजी अली किंवा वरळीच्या खडकांवर जा. मरीन लाइफ ऑफ मुंबई म्हणून मंडळी २०१७ पासून असे किनारी फेरफटके घेतात, मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेले. गुडघ्याएवढ्या डबक्यात मोबाईल धरून बसले होते. मागे टॅक्सींचे हॉर्न, समोर खडकाला चिकटलेले झोअँथिड (प्रवाळाचे जवळचे नातलग), शर्टाच्या बटणाएवढे, हिरवे आणि कडेला झालर, शेकडो, आणि पाण्याची लाट आली की सगळे एकदम मिटायचे. चाळीस वर्षं मी त्या रस्त्यावरून बसने गेलेय. मुंबईत प्रवाळ आहे हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

फोटो त्यांनी आयनॅचरलिस्टवर (जीवांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर) टाकायला शिकवलं, तारीख आणि जागेसकट. दोन दिवसांत कोणीतरी जात ओळखून दिली. माझा फोटो कुठेतरी नोंद म्हणून राहिला याचं फार बरं वाटलं.

शैवाल
समिधाताई, अशाच नोंदी लागतात. कोस्टल रोडच्या वेळी प्रवाळ हलवावं लागलं, ते तिथे आहे हे आधी कोणाला तरी माहीत असावं लागतं ना.

केदार_बं
माझ्याकडून एक वाईट बातमीसारखी पोस्ट. लक्षद्वीपला २०२२ आणि मग मे २०२४ मध्ये गेलो, एकाच जागी. दुसऱ्या वेळी फांद्यांचं प्रवाळ पांढरंफटक होतं. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतं, रंग आणि बहुतेक अन्न त्याच शैवालाचं, म्हणून पांढरं पडतं, लगेच मरत नाही पण उपाशी राहतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नोआ संस्थेने जगभरातली चौथी मोठी विरंजनाची लाट जाहीर केली होती. मला तिथे काय करावं कळेना, म्हणून २०२२ चे फोटो मोबाईलवर उघडून त्याच कोनातून पुन्हा फोटो काढले. सुंदर नाहीत, पण माझ्याकडचे सगळ्यात उपयोगी फोटो तेच.

मालतीनंदन
माझा मुलगा दहाचा आहे, त्याला चालेल का हे? आणि आंग्रिया बँक म्हणतात तिथे जाता येतं का?

खडपावरचा
दहाव्या वर्षापासून ज्युनियर ओपन वॉटर करता येतं. पोहणं नीट येऊ दे आणि कान दुखला तर सांगण्याइतका तो बोलका हवा.

आंग्रिया बँक विजयदुर्गपासून साधारण १०५ किलोमीटर आत आहे, कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून नाव. समुद्रात बुडालेलं पठारच, सगळ्यात उथळ भागसुद्धा वीस मीटरच्या आसपास. ओपन वॉटरवाल्याला अठरा मीटरची मर्यादा, त्यामुळे ॲडव्हान्स्ड कोर्स आणि मोठी बोट असल्याशिवाय नाही. तिथे खुलं पाणी आहे, नदीचा गाळ नाही, ऋजुताताईंना हवे तसे निळे फोटो तिथे मिळतील. पण संशोधकांनी सोडून फार कोणी जात नाही, आणि माझं मत विचाराल तर सध्या तसंच राहावं.

विंदा_ठाणे
याच्याशी मी सहमत नाही. जे लोकांनी बघितलंच नाही त्याच्यासाठी कोण भांडणार? चार चांगले फोटोग्राफर तिथे गेलेच पाहिजेत.

खडपावरचा
चार गेले तर माझी ना नाही विंदाताई. चारांचे चाळीस झाले की नांगर पडतात. मोठं गोल पोरायटिस प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतं. घमेल्याएवढा गोळा म्हणजे माझ्या मुलाहून मोठा, आणि नांगराला एक क्षण पुरतो. आधी कायमचे मूरिंग बोये (नांगर न टाकता बोट बांधायचे तरंगते खुंट) बसवा, मग बोटी न्या.

देवबागकर
नांगराबद्दल खरं. आणि फोटोवरून एक सांगायचं राहिलं. डिसेंबर २०१८ पासून राज्य सरकारची योजना आहे, कासव, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि मच्छीमाराने जाळं कापून सोडला तर जाळ्याची भरपाई मिळते, २५,००० रुपयांपर्यंत. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. माझ्या चुलत भावाच्या जाळ्यात ऑलिव्ह रिडले कासव आलं, पुढचा पाय जाळ्याने कापत आलेला. एकाने कासव धरलं, एकाने कोयत्याने जाळं कापलं आणि तिसऱ्याने फुटक्या काचेच्या मोबाईलवर व्हिडिओ काढला. हलतोय, अर्धा आकाशाचा, आवाजात सगळ्यांचा आरडाओरडा, मधेच भाऊ म्हणतो, "जा गो बाय, जा." शेवटी ती पाण्यात जाते आणि एकदा श्वास घ्यायला डोकं वर काढते, तेवढं नीट दिसतं. आमच्या घरी तो व्हिडिओ शंभर वेळा बघून झालाय.

अनघा_सिडनी
"जा गो बाय" वाचून डोळे भरून आले.

समिधा
+१

ऋजुता_पुणे (२ मार्च)
धागा वर आणतेय, कारण पुन्हा जाऊन आले आणि तुम्हाला सगळं सांगायचंय.

देवबागकरांशी व्यक्तिगत निरोपातून बोलून फेब्रुवारीत अष्टमी बघून गेले. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीला, पाणी कमी ओढतं, गाळ कमी उठतो, हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. बोटीत बसायच्या आधी आम्ही सहाही जणांनी गाईडला सांगितलं, दादा, बिस्किट नको, मासे कमी दिसले तरी चालतील आणि रिव्ह्यूत आम्ही हेच लिहिणार आहोत. तो हसला आणि चुऱ्याची बाटली बोटीतच ठेवली. परत आल्यावर आम्ही खरंच लिहिलं, सहा वेगवेगळे रिव्ह्यू, सगळ्यांत ही गोष्ट आधी.

कॅमेरा तोच. बदलला नाही. व्हाइट बॅलन्स फिनवर घेतला, एक छोटा टॉर्च नवऱ्याच्या हातात दिला आणि त्याला बाजूला उभं केलं. पूर्ण चाळीस मिनिटं एकाच खडकाशी होते, सात मीटरवर. शैवाल, तुझा नर सापडला! पहिली दहा मिनिटं तो माझ्या काचेवर धडका देत होता, मी श्वास हळू केला, हात छातीशी घेतले, मग त्याने मला सोडून दिलं आणि कामाला लागला. मायक्रोस्कोप मोड लावून अंड्यांच्या कडेला गेले तर प्रत्येक अंडं लांबट, खडकाला एका टोकाने चिकटलेलं आणि आतमध्ये दोन दोन चंदेरी ठिपके. वर येऊन स्क्रीनवर मोठं करून बघितलं तेव्हा कळलं, ते डोळे आहेत. शंभर-दीडशे जोड्या माझ्याकडे बघत होत्या.

मागचं पाणी अजूनही हिरवंच आहे. मी ते दुरुस्त केलं नाही.

शैवाल
डोळे दिसले म्हणजे आज-उद्याकडे फुटणार होती! तारीख, वेळ, खोली सगळं लिहून ठेव आणि आयनॅचरलिस्टवर टाक, मी ओळख नोंदवते. आणि मला मूळ फाइल पाठव ना प्लीज.

खडपावरचा
नवरा या वेळी कोणत्या रंगाचा आला?

ऋजुता_पुणे
टॉर्च त्याच्या हातात होता, त्यामुळे तो फोटोतच नाही.

देवबागकर
त्या गाईडचा मला फोन आला होता. विचारत होता, ते पुण्याचे सहाजण परत कधी येणार, त्याने दुसरा एक खडप शोधून ठेवलाय. एप्रिलच्या भांगाला या, मे मध्ये पाणी गढूळ व्हायला लागतं. येताना ग्रीसची छोटी ट्यूब घेऊन या, हंय गावना नाय.